मुठेच्या गाळातले आर्सेनाइट-जिवाणू: गाळापासून एन्झाइमच्या मोजणीपर्यंत

सिल्व्हर नायट्रेट टाकलं, पिवळ्याचं तपकिरी झालं, की काम फत्ते, असं समजून बरेच प्रोजेक्ट तिथेच थांबतात. पण तपकिरी रंगावरून एवढंच कळतं की आर्सेनिकचं एक रूप, आर्सेनाइट, बदलून त्याचं दुसरं रूप, आर्सेनेट, झालं. ते जिवाणूनं केलं की गाळातल्या मँगनीजनं? जिवाणूनं केलं असेल तर कोणत्या एन्झाइमनं? आणि त्यातून त्याला ऊर्जा मिळाली की त्यानं नुसतं विष सौम्य करून घेतलं? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची तपासणी वेगळी आहे. खालची पद्धत त्याच क्रमानं लावली आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची साधी प्रयोगशाळा, चालू स्थितीतला धूर-कक्ष म्हणजे फ्यूम हूड आणि देखरेखीला जबाबदार मार्गदर्शक, एवढं असेल तरच हे काम हाती घ्या. घरी किंवा शाळेच्या प्रदर्शनासाठी हा प्रयोग नाही.

आधी एन्झाइमची ओळख

गुरांच्या गोचिडांवर उपाय म्हणून पूर्वी त्यांना आर्सेनिकच्या हौदातून बुडवून काढत. १९१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ग्रीन यांनी अशाच हौदातून आर्सेनाइटचं ऑक्सिडीकरण करणारा जिवाणू वेगळा काढला. म्हणजे हा विषय शंभर वर्षांहून जुना आहे. हे काम करणाऱ्या एन्झाइमची रचना मात्र २००१ मध्ये, अल्कॅलिजेनिस फीकॅलिस या जिवाणूतल्या एन्झाइमच्या स्फटिकांवरून स्पष्ट झाली.

आर्सेनाइट ऑक्सिडेज दोन तुकड्यांचं असतं. मोठा तुकडा सुमारे ९० किलोडाल्टनचा. त्यात मॉलिब्डेनम आणि तीन लोह-चार गंधकाचा एक गट असतो. लहान तुकडा सुमारे १४ किलोडाल्टनचा, त्यात रीस्के प्रकारचा दोन लोह-दोन गंधकाचा गट. आर्सेनाइट मॉलिब्डेनमपाशी दोन इलेक्ट्रॉन सोडतं, ते लोह-गंधकाच्या पायऱ्यांवरून सायटोक्रोम सी किंवा अझुरिनसारख्या प्रथिनाकडे आणि शेवटी ऑक्सिजनकडे जातात. हे सगळं पेशीच्या आतल्या पटलाबाहेर, पेरिप्लाझममध्ये चालतं. जनुकांना पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळा वेगळं नाव द्यायची: एओएक्स, एआरओ, एएसओ. २०१२ मध्ये एआयओ हे एकच नाव ठरलं. जुने लेख वाचताना ही सगळी नावं एकाच कुटुंबाची आहेत हे लक्षात ठेवा, नाहीतर साहित्यशोध अर्धाच होतो.

ऊर्जेचा हिशेब असा: आर्सेनाइटचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू यांच्या अभिक्रियेत प्रमाणित स्थितीत सुमारे २५६ किलोज्यूल मोकळे होतात. जगायला हे पुरतं. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणीतून मिळालेला एनटी-२६ हा जिवाणू फक्त आर्सेनाइट, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडवर ७.६ तासांत दुप्पट होतो. पण अनेक जिवाणू हेच एन्झाइम बाळगतात आणि सेंद्रिय अन्नावरच जगतात. तटस्थ पीएचला आर्सेनाइटवर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते ग्लिसरॉलच्या वाटेनं पेशीत सहज शिरतं. आर्सेनेटवर भार असतो, ते तसं शिरत नाही. दाराबाहेरच विषाचं रूप बदलून टाकलं की घर वाचतं. म्हणूनच एन्झाइम असणं आणि त्यावर पोट भरणं या दोन गोष्टी एक नाहीत.

पुण्यात हे जिवाणू मिळतील का?

पुण्याची जमीन बेसॉल्टची. गंगेच्या मैदानात भूजलातल्या आर्सेनिकचा जसा प्रश्न आहे तसा इथे नाही. तरी नमुना घ्यायला हरकत नाही. ही जनुकं आर्सेनिक नगण्य असलेल्या माती-गाळातही सापडतात, त्यांना फक्त वाढीची संधी द्यावी लागते. मुठेचा विठ्ठलवाडीजवळचा काठ, मुळा-मुठेचा संगम, पाषाण तलावाचा काठ अशी दोन-तीन ठिकाणं निवडा. खडकवासल्यातून विसर्ग चालू असताना पात्रात उतरू नका. एक तर जीव धोक्यात, आणि वरचा थर धुऊन गेलेला असतो. दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ चांगला.

वरचा एक ते दोन सेंटिमीटरचा तपकिरी थरच घ्या. खालचा काळा, सडक्या अंड्याचा वास येणारा गाळ नको. त्यातलं सल्फाइड आर्सेनाइटला बांधून ठेवतं आणि सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर सगळं काळं होतं. निर्जंतुक डब्यांत प्रत्येकी ५० ग्रॅम, थंड पेटीतून, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत. गोठवू नका. नदीत सांडपाणी येतं, तेव्हा हातमोजे, बूट आणि परत आल्यावर साबण. यातले काही जिवाणू माणसाला आजारी पाडणारेही असतील हे गृहीत धरूनच चाला.

विषाची शिस्त

१०० मिलीमोलर सोडियम आर्सेनाइटचं १०० मिली द्रावण करायला १.३० ग्रॅम पावडर लागते. एवढ्यात एकापेक्षा जास्त माणसं दगावू शकतात. आर्सेनिकची संयुगं विष अधिनियम, १९१९ च्या कक्षेत येतात. खरेदी संस्थेच्या नावानं, नोंदीसह आणि कुलूपबंद कपाटाची सोय करूनच. वजन फ्यूम हूडमध्ये, नायट्राइलचे दुहेरी हातमोजे घालून. शक्य तर पावडर न घेता तयार प्रमाणित द्रावण मागवा, हवेत उडणारी धूळच सगळ्यात घातक असते.

दोन गोष्टी कधीही नाहीत. आर्सेनिकच्या द्रावणात आम्ल आणि जस्त किंवा ॲल्युमिनियम एकत्र येऊ द्यायचं नाही, त्यातून आर्सीन हा प्राणघातक वायू निघतो. आणि चांदीच्या टाकाऊ द्रावणात अमोनिया घालायचा नाही, ते साठवून ठेवलं तर स्फोटक होतं.

माध्यम: क्लोराइड आणि फॉस्फेट कमी का

चांदी क्लोराइडबरोबर पांढरी साक, म्हणजे न विरघळणारा साका, देते, फॉस्फेटबरोबर पिवळी. न्यूट्रिएंट ब्रॉथ किंवा एलबी ही नेहमीची माध्यमं वापरून सिल्व्हर नायट्रेट चाचणी करणाऱ्यांना म्हणूनच दुधाळ गढूळपणा मिळतो आणि ते चाचणीला नावं ठेवतात. पुढची कृती एक लिटर डिस्टिल्ड पाण्यासाठी. नळाचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतंच.

अमोनियम सल्फेट ०.२ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.१ ग्रॅम
पोटॅशियम सल्फेट ०.१ ग्रॅम
कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट ०.०५ ग्रॅम
पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०२ ग्रॅम
सूक्ष्म मूलद्रव्यांचं द्रावण १ मिली

सूक्ष्म मूलद्रव्यांचं द्रावण एक लिटर: डायसोडियम ईडीटीए ३.५ ग्रॅम, फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट २ ग्रॅम, मँगनीज सल्फेट ०.१ ग्रॅम, झिंक सल्फेट ०.१ ग्रॅम, कॉपर सल्फेट ०.०२ ग्रॅम, बोरिक आम्ल ०.०२ ग्रॅम आणि सोडियम मॉलिब्डेट ०.१ ग्रॅम. शेवटचं विसरलात तर बाकी सगळं असून एन्झाइम तयार होणार नाही, कारण मॉलिब्डेनम हाच त्याचा प्राण.

हे सगळं ऑटोक्लेव्ह करा, १२१ अंशांना २० मिनिटं. थंड झाल्यावर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं सोडियम बायकार्बोनेट लिटरमागे १ ग्रॅम होईल असं घाला. मग तसंच गाळलेलं आर्सेनाइट. पीएच आर्सेनाइट घातल्यानंतरच ७.५ ते ८ वर आणा, कारण सोडियम आर्सेनाइटचं द्रावण स्वतः अल्कधर्मी असतं. पीएच खाली आणायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका, विरल सल्फ्युरिक घ्या. नाहीतर क्लोराइड मागच्या दारानं आत येतं.

बायकार्बोनेट दोन कामं करतं. एक, स्वयंपोषी जिवाणूला कार्बन. दुसरं, आम्ल शोषून घेणं. दोन आर्सेनाइटमागे सुमारे तीन हायड्रोजन आयन सुटतात, म्हणजे ५ मिलीमोलर आर्सेनाइट संपताना ७.५ मिलीमोलर आम्ल तयार होतं. एक ग्रॅम बायकार्बोनेट म्हणजे सुमारे १२ मिलीमोलर, त्यात हे मावतं.

फॉस्फेट इतकं कमी ठेवण्याची किंमतही मोजावी लागते. आर्सेनेट फॉस्फेटसारखं दिसतं, त्याच्याच दारानं पेशीत घुसतं. फॉस्फेट फार कमी असेल तर तयार झालेलं आर्सेनेटच वाढ खुंटवतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, म्हणजे जुनं संवर्धन ताज्या माध्यमात नेण्याच्या खेपेत, वाढ रेंगाळली तर फॉस्फेट ०.१ ग्रॅमपर्यंत वाढवा आणि रंगाची प्रमाण-शिडी (पुढे दिली आहे) त्याच माध्यमात नव्यानं करा.

कामाचं वेळापत्रक लावताना गुरुवार मोकळा ठेवा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज जायचा तोच वार, आणि डिस्टिलेशनच्या कंडेन्सरला वाहतं पाणी लागतं.

संवर्धन

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ४५ मिली माध्यम, ५ ग्रॅम गाळ, आर्सेनाइट १ मिलीमोलर. २८ ते ३० अंश, मिनिटाला १२० फेऱ्यांचा शेकर, अंधार. उजेड आणि लोह एकत्र आले की आर्सेनाइट जिवाणूशिवायही ऑक्सिडाइझ होतं, म्हणून फ्लास्कला फॉइल. एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान सहज ३५ च्या वर जातं, तेव्हा थंड करण्याची सोय असलेला शेकर हवा.

एका ठिकाणच्या नमुन्याला चार फ्लास्क लागतात: जिवंत गाळ आणि आर्सेनाइट; मारलेला गाळ आणि आर्सेनाइट; गाळाशिवाय आर्सेनाइट; आर्सेनाइटशिवाय जिवंत गाळ. गाळ मारायला सलग दोन दिवस एकेकदा ऑटोक्लेव्ह करा, मध्ये एक रात्र खोलीत ठेवा, म्हणजे अंकुरलेले बीजाणूही जातात.

दुसऱ्या फ्लास्कवरच सगळी मदार. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या मातीत मँगनीज आणि लोहाची ऑक्साइड असतात, आणि मँगनीज ऑक्साइड आर्सेनाइटचं आर्सेनेट काही तासांत करू शकतं. मारलेल्या गाळात ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकल्यावर जोरात फेस आला तर मँगनीज ऑक्साइडची शंका घ्या. जिवंत गाळावर ही चाचणी करून उपयोग नाही, तिथे कॅटलेज एन्झाइमही फेस आणतं. मारलेला गाळही तपकिरी रंग देत असेल तर घाबरू नका, पहिल्या फेरीचा निकाल बाजूला ठेवा आणि पुढे चला. प्रत्येक फेरीत दहास एक विरळ होत गेल्यानं चौथ्या फेरीपर्यंत मूळ गाळ हजारात एक भाग एवढाच उरतो. तेव्हाही रंग बदलत असेल तर श्रेय जिवाणूचं.

फेरी म्हणजे ५ मिली जुनं संवर्धन ४५ मिली ताज्या माध्यमात, तेही गाळ खाली बसल्यावर वरच्या पाण्यातून. पहिली फेरी ७ ते १० दिवस, नंतरच्या ३ ते ५ दिवस. आर्सेनाइट १ वरून २ आणि मग ५ मिलीमोलर. ५ मिलीमोलर म्हणजे लिटरला ३७५ मिलिग्रॅम आर्सेनिक, पिण्याच्या पाण्यासाठीच्या १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या सुमारे ३७ हजार पट. फ्लास्क फुटला तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असू द्या: शोषक कागद, प्लास्टिकची तबकं, घातक कचऱ्याची पिशवी हाताशी.

इथे वाट फुटते. सेंद्रिय अन्नावर जगणारे जिवाणूही चालत असतील तर लिटरला ०.४ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घाला, वाढ झपाट्यानं होते. आर्सेनाइटवर जगणाराच हवा असेल तर ते घालू नका आणि दुप्पट-तिप्पट वेळ धरा. दोन्ही मालिका समांतर चालवणं उत्तम. एकच मालिका चालवायची तर बिनयीस्टची. ती फसली तरी काहीतरी शिकवते, यीस्टवाली फार वेळा खोटं समाधान देते.

रंगाची चाचणी आणि तिचे सापळे

०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट: १.७० ग्रॅम, १०० मिली डिस्टिल्ड पाणी, तपकिरी बाटली. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर संवर्धन आणि १०० मायक्रोलिटर सिल्व्हर नायट्रेट. पिवळं म्हणजे आर्सेनाइट, तांबूस तपकिरी म्हणजे आर्सेनेट. बायकार्बोनेटमुळे आर्सेनिक नसतानाही फिकट पिवळसर साक येते, म्हणून पिवळ्या रंगावर काही सिद्ध करू नका. शोध तपकिरीचा.

त्याच प्लेटवर दर वेळी प्रमाण-शिडी: आर्सेनाइट आणि आर्सेनेट ५:०, ४:१, ३:२, २:३, १:४, ०:५ मिलीमोलर, तुमच्याच माध्यमात. शिवाय नुसतं माध्यम. रंग दहा मिनिटांच्या आत बघा. नंतर चांदी उजेडानं काळवंडते आणि सगळंच होकारार्थी दिसू लागतं. संवर्धनाचा पीएच ९ च्या वर गेला असेल तर सिल्व्हर ऑक्साइडही तपकिरी साक देतं, तेव्हा पीएच कागद आधी.

एकेक वसाहत निवडताना १.५ टक्के अगारवर पसरा. आलेल्या वसाहती निर्जंतुक टूथपिकनं जुळ्या प्लेटवर एकाच क्रमानं लावा आणि वाढल्यावर फक्त एका प्लेटवर सिल्व्हर नायट्रेट ओता. चांदी जिवाणू मारते. मूळ प्लेटवरच ओतलं तर तपकिरी वलयाची सुंदर वसाहत दिसते, पण ती मेलेली असते. निवडलेली वसाहत तीन वेळा पुन्हा रेघून शुद्ध करा, मग २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवा. आर्सेनाइटचं ऑक्सिडीकरण करणाऱ्याबरोबर न करणारे सोबती अगदी चिकटून येतात, दोन वेळा रेघणं पुरत नाही.

नेमकं किती: मॉलिब्डेनम निळा

रंग डोळ्यांनी बघून लेख होत नाही, आकडा हवा. फॉस्फेटच्या मोजणीची पद्धत इथे चालते, कारण आम्लात मॉलिब्डेटबरोबर आर्सेनेटही निळं संयुग देतं आणि आर्सेनाइट देत नाही. मिश्र अभिकर्मक रोज ताजा: ५ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ५० मिली, पोटॅशियम अँटिमनी टार्ट्रेट (लिटरला २.७४ ग्रॅम) ५ मिली, अमोनियम मॉलिब्डेट (लिटरला ४० ग्रॅम) १५ मिली, ॲस्कॉर्बिक आम्ल (लिटरला १७.६ ग्रॅम) ३० मिली. याच क्रमानं, प्रत्येक वेळी ढवळून. नमुना ५ मिली असेल तर अभिकर्मक ०.८ मिली, वाचन ८८० नॅनोमीटरला.

फॉस्फेट दहा मिनिटांत रंग देतं, आर्सेनेट सावकाश, म्हणून तासाभरानं वाचा आणि प्रमाण-वक्रालाही तेवढाच वेळ द्या. ५ मिलीमोलरचं संवर्धन २०० ते २५० पट विरळ करा, म्हणजे २० ते २५ मायक्रोमोलर येतं आणि वक्र सरळ राहतो. आर्सेनिक नसलेल्या माध्यमाचं वाचन वजा केलं की फॉस्फेटचा वाटा जातो. पेशी आधी सेंट्रिफ्यूज करून काढून टाका, आम्लात फुटून त्या फॉस्फेट सोडतात.

वेळेप्रमाणे आर्सेनेट वाढत जाऊन मध्येच कमी होताना दिसलं तर चूक तुमचीच असेल असं नाही. बऱ्याच जिवाणूंत आर्सेनेटचं क्षपण करून ते बाहेर फेकणारी वेगळी यंत्रणाही असते, आणि अन्न संपत आल्यावर ती वरचढ होऊ शकते. म्हणून दर सहा तासांनी नमुना. फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा घेतला तर मधली गंमत निसटते.

एन्झाइमची क्रिया मोजणं

एक लिटर माध्यम, ०.४ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, ५ मिलीमोलर आर्सेनाइट. आर्सेनाइट हवंच, बहुतेक जिवाणूंत त्याच्या उपस्थितीतच हे जनुक जागं होतं. आर्सेनाइटशिवाय वाढवलेल्या पेशी ही तुमची तुलना. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात, स्थिरावण्याआधी, ८,००० जी ला १५ मिनिटं, ४ अंशांना पेशी गोळा करा. दोनदा ५० मिलीमोलर ट्रिस, पीएच ८ मध्ये धुवा. बर्फात ठेवून सोनिकेशन: १० सेकंद चालू, २० सेकंद बंद, दहा वेळा. १२,००० जी ला २० मिनिटं. वरचं द्रावण आणि खालचा गोळा दोन्ही ठेवा. काही जिवाणूंत हे एन्झाइम पटलाला चिकटून असतं. खालचा गोळा निरुपयोगी म्हणून टाकून देणारे अशा वेळी नेमकं एन्झाइमच टाकून देतात.

डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल घालायचं नाही. प्रथिनं टिकवायची सवय म्हणून हात तिकडे जातो, पण दोन्ही पदार्थ पुढच्या मोजणीतला निळा रंग स्वतःच घालवतात आणि आर्सेनाइटलाही धरून बसतात. पेशीतले लहान क्षपणकारी रेणू काढायला अर्क सेफाडेक्स जी-२५ च्या छोट्या स्तंभातून काढा किंवा रात्रभर डायलिसिस करा.

मोजणी डीसीपीआयपी या निळ्या रंगावर चालते. आर्सेनाइटचे दोन इलेक्ट्रॉन घेऊन तो रंगहीन होतो, म्हणजे हिशेब एकास एक. एक मिलीच्या क्युव्हेटमध्ये ५० मिलीमोलर एमईएस बफर, पीएच ६.०. ६ मिलीमोलर डीसीपीआयपीचे (सोडियम क्षार १७.४ मिलिग्रॅम, १० मिली पाण्यात) १० मायक्रोलिटर, म्हणजे ६० मायक्रोमोलर. अर्क १० ते ५० मायक्रोलिटर. दोन मिनिटं ६०० नॅनोमीटरला नुसतं बघा. मग आर्सेनाइट घाला आणि आणखी तीन मिनिटं नोंद घ्या. आधीचा उतार नंतरच्या उतारातून वजा.

आर्सेनाइट किती? केएम म्हणजे ज्या प्रमाणाला एन्झाइम निम्म्या वेगानं चालतं ते प्रमाण. अल्कॅलिजेनिस फीकॅलिसच्या एन्झाइमचा केएम ८ मायक्रोमोलर, एनटी-२६ च्या एन्झाइमचा ६१. २०० मायक्रोमोलर घेतलं तर पहिलं जवळजवळ ९६ टक्के वेगानं चालतं, दुसरं ७७ टक्क्यांनीच. तुमच्या जिवाणूचा केएम माहीत नाही, तेव्हा सुरुवात २ मिलीमोलरनं करा.

सगळ्यात जास्त चुका रंगाच्या शोषण-गुणांकात, म्हणजे एक मिलीमोलर रंग किती प्रकाश शोषतो त्या आकड्यात, होतात. डीसीपीआयपीचा निळेपणा पीएचवर अवलंबून असतो. पीएच ७ च्या वर गुणांक २१ च्या आसपास असतो, पण ६ च्या जवळ रंगाचा निम्मा भाग तांबूस रूपात जातो आणि गुणांक निम्म्यावर येतो. पुस्तकातला २१ उचलून पीएच ६ च्या मोजणीला लावला तर क्रिया निम्मीच दिसते. तुमच्याच बफरमध्ये १० ते ६० मायक्रोमोलरचा वक्र काढा. समजा गुणांक १० आला आणि शोषण मिनिटाला ०.०५ नं घटलं, तर वेग मिनिटाला ५ मायक्रोमोलर, म्हणजे एक मिलीत ५ नॅनोमोल. अर्कात ०.१ मिलिग्रॅम प्रथिन असेल तर मिलिग्रॅममागे मिनिटाला ५० नॅनोमोल. निकालात बफर, पीएच आणि तापमान लिहिलं नसेल तर तो आकडा दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही.

नियंत्रणं तीन. ९५ अंशांना १० मिनिटं उकळलेला अर्क. मात्र नमुना गरम झऱ्याचा असेल तर हे चालत नाही, थर्मससारख्या उष्णताप्रेमी जिवाणूंची एन्झाइम उष्णतेला सहज दबत नाहीत. आर्सेनाइटशिवाय वाढवलेल्या पेशींचा अर्क. आणि मॉलिब्डेट काढून त्याजागी टंगस्टेट घातलेल्या माध्यमातल्या पेशी: टंगस्टन मॉलिब्डेनमची जागा अडवतं आणि क्रिया पडते. माध्यमात नायट्रोजन अमोनियमच्या रूपात ठेवण्याचं कारण इथे कळतं. नायट्रेट दिलं असतं तर ते पचवणारं एन्झाइमही मॉलिब्डेनमचंच, मग वाढ कशामुळे थांबली ते कळलंच नसतं.

हाताशी विकृती न करणारं जेल असेल तर एक देखणी तपासणी होते. जेल निळ्या रंगात आणि आर्सेनाइटमध्ये भिजवलं की एन्झाइमच्या जागी पांढरा पट्टा उमटतो. फोटो लगेच काढा, हवेतल्या ऑक्सिजननं निळा परत येतो.

जनुकाची खूण हवी असेल तर मोठ्या तुकड्याच्या जनुकासाठी प्रकाशित डिजेनरेट प्रायमर, म्हणजे थोड्या फरकाच्या अनेक जनुकांना जुळतील असे पीसीआरचे डीएनए-तुकडे, आहेत. तुकडा मिळाला तरी क्रमवाचन करूनच बोला, नुसत्या पट्ट्यावर नाही. आणि पट्टा मिळाला नाही तर एन्झाइम नाही असंही म्हणू नका, डिजेनरेट प्रायमर सगळ्यांना लागू पडत नाहीत.

ऊर्जेसाठी की बचावासाठी

बिनयीस्टच्या माध्यमात तीन मालिका: आर्सेनाइट ०, २ आणि ५ मिलीमोलर, प्रत्येकी तीन फ्लास्क. पेशी मोजा, गढूळपणा नाही. अशा माध्यमात पेशी इतक्या कमी असतात की फ्लास्क स्वच्छच दिसतो, आणि लोह-कॅल्शियमची साक गढूळपणाचा भास देते. डीएपीआय रंग देऊन फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली किंवा अगारवर वसाहती मोजून संख्या काढा. आर्सेनाइट वाढेल तशी पेशींची संख्या वाढली, शून्याच्या फ्लास्कमध्ये वाढ नगण्य राहिली आणि हे सलग पाच फेऱ्यांत टिकलं, तरच आर्सेनाइटवर जगतो असं लिहा.

शून्याच्या फ्लास्कमध्येही वाढ दिसली तर सेंद्रिय कार्बन कुठून तरी शिरतोय. संशयित ठरलेले: नीट न धुतलेली काच, कापसाचा बोळा, अगार, रबरी बूच, आणि पहिल्या फेरीतून आलेला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. काच १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून सहा वेळा डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, बोळ्याऐवजी फॉइल वापरा, संवर्धन बिनसेंद्रिय माध्यमात दोनदा धुऊन टोचा. एवढं करूनही शून्यात वाढ होत राहिली तर तुमचा जिवाणू बहुधा दुसऱ्यांच्या उष्ट्यावर जगणारा आहे. त्याचं एन्झाइम त्यानं खोटं ठरत नाही, फक्त ऊर्जेचा दावा मागे घ्यावा लागतो.

ऑक्सिजनशिवाय, नायट्रेटवर हेच करणारे जिवाणूही आहेत. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक या खाऱ्या, अल्कधर्मी सरोवरातला एक जिवाणू यासाठी एआरएक्स नावाचं वेगळ्या घडणीचं एन्झाइम वापरतो. ते ऐकून पुण्याच्या विद्यार्थ्याला लोणार आठवणारच. तिथे जायचं तर ते अभयारण्य आहे, वन विभागाची लेखी परवानगी आधी. शिवाय लोणारच्या पाण्यात क्लोराइड आणि कार्बोनेट इतकं असतं की सिल्व्हर नायट्रेट चाचणी निकामी. तिथे मॉलिब्डेनम निळाच, तोही मीठ घातलेल्या प्रमाण-वक्रावर.

काम झाल्यावर

जिवंत आर्सेनिकयुक्त संवर्धन सिंकमध्ये नाही. एक तृतीयांश भरलेल्या, झाकण सैल केलेल्या बाटल्या गळती न होणाऱ्या तबकात ठेवून ऑटोक्लेव्ह करा. तबकातलं पाणीही आर्सेनिकचंच समजा. ब्लीच घालून मारू नका, पुढच्या टप्प्यात आम्लधर्मी फेरिक क्लोराइड पडलं की क्लोरीन वायू निघेल. थंड झाल्यावर ५ मिलीमोलरच्या प्रत्येक लिटरला फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट किमान ५.४ ग्रॅम, पीएच ५ ते ६ वर आणून ढवळा, रात्रभर बसू द्या. आर्सेनेट लोहाच्या साकीला घट्ट चिकटतं, आर्सेनाइट तितकं नाही, म्हणून सिल्व्हर नायट्रेट चाचणी पूर्ण तपकिरी येईपर्यंत वाट बघा आणि मगच संवर्धन ऑटोक्लेव्ह करून ही पायरी करा. साक, वरचं पाणी, टिपा, हातमोजे, सिल्व्हर नायट्रेटच्या प्लेट सगळं घातक कचरा. चांदीचा कचरा वेगळ्या बाटलीत, लेबलवर संयुग, प्रमाण आणि तारीख. संस्थेच्या नोंदणीतून हे अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे जातं, पुणे जिल्ह्यात रांजणगावला तशी सोय आहे. बाटली भरेपर्यंत वाट बघत कपाटात वर्षभर ठेवू नका, पुढच्या बॅचला ती लेबल पुसलेल्या अवस्थेत सापडते.